शाल्मलीबाईंची लेझीमस्वारी आणि मातीच्या पहाऱ्याची हकीकत

श्रीगजाननास नमन, शारदेस दंडवत, आणि ज्या घरात सकाळी दोन्ही मोजे एके ठिकाणी सापडतात त्या घरास मानाचा मुजरा. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, दिवाळी उलगडल्यापासून पौष वद्य द्वादशीपर्यंत एका राज्यात जे वर्तमान घडले ते जैसे ऐकिले तैसे येथे लिहिले आहे, पदरचा मीठमसाला चिमूटभरच घातला आहे. राज्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर व एक गॅलरी एवढाच मुलूख, लिफ्ट बहुधा बंद, परंतु कारभार मोठा आणि आवाज त्याहून मोठा. त्या राज्याच्या धनीण शाल्मलीबाई, वय वर्षे आठ, इयत्ता तिसरी, बाजूचा एक दात नुकताच कामी आलेला, स्वभावे शूर, बोलण्यात धीट, आणि पायांत ताल ऐसा की कुकरच्या शिट्टीवरही पावले पडावीत. मातुश्री वैदेहीबाई राज्याच्या मुख्य प्रधान, दिवसा बँकेत चाकरी आणि उरलेल्या वेळी सर्व दुनियेची काळजी. तीर्थरूप निरंजनराव सोसायटीचे चिटणीस, मनाचे उदार, जिलेबीचे शौकीन, आणि मोबाईल चार्जिंगला लावून तसेच घराबाहेर पडण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. आणि आबासाहेब, म्हणजे निरंजनरावांचे वडील, कारखान्यातून निवृत्त, बूट पॉलिश करण्यात निष्णात, नातीचा शब्द खाली पडू न देणारे. ऐसे चौघे सुखाने नांदत होते, फक्त सकाळची वेळ सोडून.

सकाळ जाहली की राज्यात रणधुमाळी माजे. शाल्मलीबाई अंघोळ करून बाहेर येत आणि एक मोजा पायात घालून दुसऱ्याच्या शोधार्थ निघत, आणि मग मातुश्री तव्यावरची पोळी तशीच टाकून पलंगाखाली शिरत, आणि निरंजनराव दाढीचा फेस तोंडावर घेऊन सोफ्याच्या उशा उलथ्यापालथ्या करीत, आणि आबासाहेब काठीने कपाटामागील प्रदेश चाचपीत, आणि मोजा सापडावा तो कंपासपेटी नाहीशी व्हावी, आणि कंपासपेटी सापडावी तो पोळीचा कोळसा व्हावा, ऐसा नित्याचा प्रकार. दप्तर मातुश्रीच भरीत. ते इतके नीट भरीत की पाहणाराचे डोळे निवावेत, परंतु ज्यांच्या पाठीवर ते जाई त्यांस आपल्याच दप्तरात कोणता कप्पा कोणीकडे याची खबर नसे. वर्गात बाईंनी मराठीची वही काढा म्हटले की शाल्मलीबाई सर्व चेनी उघडून दप्तरात तोंड घालीत आणि बाकीचे दोन ओळी लिहून मोकळे होईतो तेथेच राहत. घरी येऊन त्या तक्रार करीत की “आई, तू वही कुठे ठेवली होतीस?” आणि मातुश्री उलट विचारीत की “तुझी वही तुला माहीत नको?” आणि दोघींचेही खरे असे, म्हणून भांडणाचा निवाडा होत नसे. पाण्याच्या बाटल्या तर दर ऋतूस एक याप्रमाणे परमुलखी राहिल्या, त्या परत आल्या नाहीत. जे काही घरी राहून जाई ते मातुश्री स्कूटरवर घालून शाळेच्या फाटकाशी पोहोचवीत आणि मग बँकेत धापा टाकीत जात. साहेब घड्याळाकडे पाहत, मातुश्री खाली पाहत, ऐसे वर्ष दीड वर्ष चालले.

तो शाळेत मसलत जाहली की येत्या सव्वीस जानेवारीस झेंडावंदन झाल्यावर तिसरीच्या मुलींनी लेझीम खेळावी. तिसरीच्या वर्गशिक्षिका हळबेबाई, उंच, किरकोळ अंगाच्या, आवाज मात्र मैदानाच्या या टोकापासून त्या टोकास जावा ऐसा. त्यांनी सर्व मुलींची पावले पाहिली आणि शाल्मलीबाईंस सर्वांपुढे उभे केले, गळ्यात शिट्टी दिली आणि सांगितले की तू वाजवशील तसे बाकीच्यांनी खेळायचे. हा मान मिळताच शाल्मलीबाई हवेत चालो लागल्या. घरी आल्यावर त्यांनी आबासाहेबांस, दूधवाल्यास आणि बंद पडलेल्या लिफ्टमधल्या आरशास सर्व पावले करून दाखविली. दुसऱ्या मानकरीण भार्गवी म्हणून एक मुलगी, शांत, नेटकी, सर्व वस्तू वेळच्या वेळी आणणारी, ती उजव्या अंगास उभी राहिली. मग सराव सुरू जाहला आणि शाल्मलीबाई लेझीम घरी विसरल्या. मातुश्रींनी आणून दिली. आणखी एकदा विसरल्या, तेव्हाही आणून दिली. आणि मग पुन्हा एके दिवशी, मैदानात सर्व मुली ओळीने उभ्या, शिट्टी ओठाशी लागलेली, ऐसे समयी फाटकाकडून मातुश्री हेल्मेटसह धावत आल्या आणि मोठ्याने बोलिल्या, “शालू, लेझीम घे गं. आणि नाक पूस आधी.” तेव्हा साऱ्या पलटणीत हशा पिकला. भार्गवी तेवढी हसली नाही, आणि तेच शाल्मलीबाईंस अधिक लागले. त्यांचे कान लाल जाहले, नाक तर पुसलेच नाही, आणि त्या दिवशी पाऊल दोनदा चुकले. आईचा त्यांस इतका राग आला आणि लगेच त्या रागाचे इतके वाईट वाटले की दोन्ही मिळून रडूच येईल की काय ऐसे जाहले.

सराव संपल्यावर हळबेबाईंनी त्यांस बाजूस घेतले आणि म्हणाल्या, “शाल्मली, तुझे पाय छान पडतात. पण पुढे उभ्या राहणाऱ्या मुलीची लेझीम आई घेऊन येते, मग मागच्यांनी बघायचं कोणाकडे?” शाल्मलीबाई जमिनीकडे पाहत राहिल्या. बाई म्हणाल्या, “यापुढे लेझीम आणि शिट्टी तुझ्या हातात दिसली पाहिजे. दुसऱ्या कोणाच्या हातातून आली, की भार्गवी पुढे. चालेल?” चालण्यासारखे काही नव्हते, तरी शाल्मलीबाईंनी मान हलविली. मग बाईंनी मातुश्रींसही थांबवून घेतले आणि सांगितले की “वैदेहीताई, आजपासून काहीही आणून देऊ नका.” मातुश्री म्हणाल्या, “अहो पण बाई, तिला सापडत नाही काही.” बाई म्हणाल्या, “तुम्हाला सापडतं ना, म्हणून तिला शोधायचं कारण पडत नाही.” यावर मातुश्रींनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतले. बाईंनी मग शाल्मलीबाईंस जवळ घेऊन विचारिले, “घरात तुझं असं काय आहे, जे कधी म्हणजे कधीच हरवलं नाही?” शाल्मलीबाई विचारात पडल्या. खोडरबरे आठवली, ती गेली. रिबिनी आठवल्या, त्याही गेल्या. सरते शेवटी म्हणाल्या, “किल्ल्यावरचे सैनिक.” “दिवाळीतल्या किल्ल्यावरचे? मातीचे? ते बरे नाही हरवत.” “त्यांना जागा असते ना. दरवाज्यावरचा दरवाज्यावरच असतो, तोफेवाला बुरुजावर. कोणी हलवला की मला लगेच कळतं.” “हं,” बाई म्हणाल्या, “आणि तुझ्या बाटलीला जागा कुठली?” इतके बोलून बाई घंटा जाहली म्हणून वर्गाकडे निघून गेल्या, उत्तर ऐकण्यास थांबल्याही नाहीत.

त्या सायंकाळी शाल्मलीबाईंनी आबासाहेबांस हुकूम केला की माळ्यावरची पेटी उतरवावी. आबासाहेबांनी स्टूल लाविले, मातुश्रींनी स्टूल धरिले, आणि दिवाळीनंतर जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून निजविलेली फौज भर थंडीत पुन्हा चाकरीस रुजू जाहली. भाल्याचा अर्धा भाग मोडलेला एक भालदार, एक तोफ व तिचा तोफवाला, एक तुतारीवाला, डोक्यावर हंडा घेतलेली गवळण, टोपलीसह भाजीवाली, आणि एका कानाचा वाघ, ऐसे मातबर असामी निघाले. सिंहासनावरील महाराज मात्र आबासाहेबांनी आदरे देव्हाऱ्याशेजारी ठेविले, कारण त्यांस मोज्यांची राखण सांगणे कोणासच बरे वाटले नाही. मग वाटणी सुरू जाहली. दाराशी बुटांचे व मोज्यांचे ठाणे, तेथे भालदार. स्वयंपाकघराच्या ओट्याकडेला बाटली, तेथे गवळण, कारण पाण्याची जोखीम तीच जाणे. डब्यापाशी भाजीवाली. टेबलावर कंपासपेटीपाशी वाघ, म्हणजे कोणी पेन्सिल उसनी नेणार नाही. दप्तराच्या खुंटीशेजारी खिळ्यास लेझीम, तिच्याखालच्या फळीवर तोफ, आणि त्याच फळीवर शिट्टीपाशी तुतारीवाला. हे चालू असता मातुश्रींस उत्साह आला आणि त्या म्हणाल्या, “थांब, मी रंगीत कागदावर नावं लिहून चिकटवते,” आणि निरंजनराव म्हणाले, “मोबाईलवर आठवण लावता येते, रोज सकाळी वाजेल,” आणि मोबाईल कोठे आहे ते पाहू लागले. शाल्मलीबाईंनी दोहोंस हात दाखवून थांबविले आणि म्हणाल्या, “मला करू दे. तुम्ही केलं की ते तुमचं होतं.” मग त्यांनी आपल्या बुद्धीने एक कायदा केला तो ऐसा, की वस्तू जागेवरून नेली तर तिचा पहारेकरी आडवा करावयाचा, आणि वस्तू परत ठेविली की त्यास उभा करावयाचा. रोज संध्याकाळी जेवणाआधी हजेरी. कोणी आडवा दिसला तर समजावे की त्याची वस्तू घरी आलेली नाही.

आरंभी फजिती बहुत जाहली. पहिल्या दिवशी शाल्मलीबाईंनी सर्वांस आडवे केले आणि संध्याकाळी उभे करावयाचे विसरल्या, तेव्हा घरात एखादी लढाई हरल्यासारखे दिसू लागले. एके दिवशी वाघ कंपासपेटीतच शिरून शाळेत गेला आणि गणिताच्या तासाला बाहेर आला. एके दिवशी डब्यासोबत चमचा गेला नाही आणि उपमा बोटांनी खावा लागला. मातुश्रींनी तो चमचा ओट्यावर पाहिला होता. त्यांनी तो उचलला, स्कूटरची किल्ली हाती घेतली, जिन्यापर्यंत गेल्या, आणि मग तशाच परत येऊन चमचा धुतलेल्या भांड्यांत ठेविला, जणू तो चमचाच आपला वैरी आहे ऐसे तोंड करून.  संध्याकाळी मातुश्रींनी हळूच विचारिले, “आज डबा खाल्लास ना नीट?” शाल्मलीबाई म्हणाल्या, “हो. बोटांनी जास्त छान लागतो.” आणि त्याच रात्रीपासून चमचा आपणहून डब्याच्या झाकणात ठेवू लागल्या. मग एके संध्याकाळी हजेरीत गवळण आडवी आढळली. शाल्मलीबाई तिच्यापुढे उकिडव्या बसल्या, विचार केला, आणि मातुश्रींस खबर लागण्याआधीच बोलिल्या, “बाटली संगीताच्या वर्गात राहिली. खिडकीपाशी.” दुसऱ्या दिवशी त्या खिडकीपाशी गेल्या, तो बाटली तेथेच. परमुलखातून परत आलेली ती राज्याची पहिलीच बाटली. त्या दिवशी निरंजनरावांनी आनंदाने बाटलीसही पेढा दाखविला.

ही वार्ता शाळेत पसरली. हळबेबाईंनी वर्गात सर्वांस शाडूची माती दिली आणि प्रत्येकाने आपल्या बाकासाठी एकेक पहारेकरी घडविला. कोणाचा हत्ती जाहला, कोणाचा नुसताच गोळा जाहला, परंतु गोळाही डोळे काढल्यावर कामास लागला. घंटेच्या आधी बाई म्हणत, “चला, हजेरी,” आणि बाकाखाली पडलेल्या पेन्सिली, पट्ट्या, उलटे स्वेटर आपापल्या धन्याकडे जात. आणि दप्तर आता शाल्मलीबाई स्वतः भरीत. वेळापत्रक भिंतीवर पाहून एकेक वही घालीत, चेन लावीत, पुन्हा उघडून एकदा पाहत, पुन्हा लावीत. पूर्वीच्याइतके ते नीट दिसत नसे, एखादी वही तिरकी राहे, मातुश्रींचे हात ती सरळ करण्यास शिवशिवत, आणि त्या हाताची घडी घालून गॅलरीत जाऊन उभ्या राहत. परंतु वर्गात मराठीची वही काढा म्हटले की शाल्मलीबाईंचा हात न पाहता नेमका तिच्यावर पडे. लेझीमही रोज हातात असे. हळबेबाई फाटकाशी तिरप्या नजरेने पाहत. भार्गवी एके दिवशी म्हणाली, “मला वाटलं होतं आता मीच पुढे येणार.” शाल्मलीबाई म्हणाल्या, “मलापण तसंच वाटलं होतं.” आणि दोघी हसल्या.

ऐसे करिता करिता सव्वीस जानेवारीचा आदला दिवस उजाडला. संध्याकाळी हजेरी जाहली, सर्व पहारेकरी उभे, सर्व वस्तू जागेवर, शाल्मलीबाई समाधानाने जेवल्या आणि निजावयास गेल्या. आता येथे राज्याच्या वडील मंडळींकडून जी चूक घडली ती सांगितली पाहिजे. ती वैराने घडली नाही, मायेनेच घडली, आणि तिघांकडून वेगवेगळी घडली. मातुश्रींच्या मनात आले की उद्या घाईत लेझीम राहिली तर पोरीचा मान जाईल, म्हणून त्यांनी ती खिळ्यावरून काढिली आणि खाली जाऊन स्कूटरच्या डिकीत ठेविली, म्हणजे विसरणेच नको. निरंजनरावांच्याही मनात तेच आले, म्हणून त्यांनी शिट्टी उचलून उद्याच्या सदऱ्याच्या खिशात घातली. आबासाहेबांनी पांढऱ्या बुटांस खास हात दिला आणि ते वाळावेत म्हणून गच्चीवर नेऊन ठेविले. तिघांनीही आपापली कामगिरी गुप्त राखिली, आणि पहारेकरी आडवा करावयाचा हा कायदा तिघांपैकी एकासही आठवला नाही.

सव्वीस तारखेस शाल्मलीबाई सर्वांआधी उठल्या. पूर्वी त्या फाटकाशी पोहोचल्यावर काय राहिले ते पाहत, परंतु आता सवय ऐसी जडली होती की दात घासण्याआधी पाय आपोआप फळीकडे वळत. पाहतात तो तोफ उभी आणि लेझीम नाही. तुतारीवाला उभा आणि शिट्टी नाही. दाराशी भालदार अर्धा भाला सावरून उभा आणि पायाशी बूट नाहीत. ज्यांच्या भरवशावर राज्य निजले ते पहारेकरीच रिकाम्या जागा राखीत उभे होते.  शाल्मलीबाईंचा खालचा ओठ थरथरू लागला आणि पूर्वीप्रमाणे “आई” म्हणून हाक मारावी, सर्वांनी पलंगाखाली शिरावे, ऐसे फार वाटले. तो आवाज घशापर्यंत आलाही. परंतु त्यांनी तोफ उचलून हातात घेतली, तीवर बोट फिरविले, आणि विचार केला की मी तर काल उभी केली होती, म्हणजे लेझीम माझ्याकडून हरवली नाही. कोणीतरी नेली आहे. आणि नेली असेल तर कोठेतरी ठेविली आहे. इतका विचार होताच ओठ थांबला. मग त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि विचारिले, “माझी लेझीम कोणी हलवली?”

मातुश्री आनंदाने म्हणाल्या, “अगं, मीच ठेवलीय डिकीत, विसरू नये म्हणून.” आणि बोलता बोलताच त्यांचा चेहरा उतरला, कारण स्कूटर घेऊन निरंजनराव सोसायटीच्या झेंडावंदनासाठी जिलेबी आणावयास पहाटेच बाहेर पडले होते. सव्वीस जानेवारीस त्या शहरात जिलेबीच्या दुकानापुढे जी रांग लागते तिचे वर्णन करावयास वेगळी बखर लागेल. मातुश्रींनी निरंजनरावांस फोन लाविला, तो आतल्या खोलीत चार्जिंगवर वाजला. आबासाहेब उठून बसले आणि बोलिले, “बूट गच्चीवर आहेत हं, वाळायला ठेवलेत. शिट्टी मात्र निरंजननं खिशात टाकलेली बघितली मी काल.” मातुश्री खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, “शालू, मी आत्ता बाईंना फोन करते. सांगते की माझी चूक आहे, तुझी नाही.” आणि ते सर्वस्वी खरे होते. परंतु शाल्मलीबाई म्हणाल्या, “नको, आई. फोन केलास की परत तूच आणून दिल्यासारखं होईल.” मातुश्रींनी फोन खाली ठेविला आणि विचारिले, “मग काय करायचं?” ही गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे की राज्याच्या मुख्य प्रधानांनी ऐसा प्रश्न विचारण्याची ती पहिलीच वेळ.

शाल्मलीबाई म्हणाल्या, “वेळ आहे अजून. आबा, तुम्ही बूट आणा. आई, तू फक्त वेणी घाल, बाकी माझं मी करते. मग आपण सगळे चालत निघू. दुकान शाळेच्या वाटेवरच आहे.” आणि हुकमाप्रमाणे सर्व घडले. आबासाहेब गच्चीवरून बूट घेऊन उतरले, शाल्मलीबाईंनी दप्तर पाठीस लाविले, बाटली घेतली आणि गवळणीस आडवे केले, बूट घातले आणि भालदारास आडवे केले, आणि जाता जाता तोफ व तुतारीवाला हेही आडवे केले, कारण कायदा तो कायदा. मग तिघे भाजीबाजारातून झपाझप निघाले. जिलेबीच्या दुकानापुढे निरंजनराव रांगेच्या मध्यावर, पुढे वीस माणसे, मागे चाळीस, आणि मुखी जिलेबीचे ध्यान. कन्येस पाहून ते म्हणाले, “अरे, तुम्ही इथे कसे?” शाल्मलीबाई म्हणाल्या, “बाबा, शिट्टी.” निरंजनरावांनी खिशात हात घातला आणि सर्व उमजून जीभ चावली. “आणि डिकीची किल्ली. आबा, तुम्ही बाबांच्या जागी रांगेत उभे राहा. नंबर सोडू नका. बाबा, मला फाटकापर्यंत सोडा. आई, तू चालत ये.” आबासाहेब तत्काळ रांगेत उभे राहिले आणि काठी टेकून ऐसे ताठ जाहले की मोडक्या भाल्याचा भालदारच भासावा. शाल्मलीबाईंनी आपल्या हाताने डिकी उघडली, आपल्या हाताने लेझीम काढिली, आणि मागील सीटवर बसून ती घट्ट धरिली, तरी वाटभर खळखळ थांबली नाही.

फाटकाशी हळबेबाई उभ्या होत्या. स्कूटर पाहून त्यांच्या कपाळास आठी पडली आणि त्यांनी विचारिले, “कोणी आणून दिली?” निरंजनराव बोलणार तो शाल्मलीबाई म्हणाल्या, “मी आणली, बाई. आधी शोधली, मग आणली.” बाईंनी निरंजनरावांकडे पाहिले. निरंजनरावांनी कबुली दिल्यासारखी मान खाली घातली. बाईंस काय समजावयाचे ते समजले. त्या म्हणाल्या, “जा, पुढे उभी राहा.” मग झेंडा फडकला, राष्ट्रगीत जाहले, आणि तिसरीची पलटण मैदानात उतरली. मातुश्री घामाघूम होऊन पालकांच्या गर्दीत येऊन बसल्या त्या याच क्षणी. त्यांच्या पर्समध्ये एक जादा शिट्टी होती, एक रुमाल होता, आणि चार सेफ्टीपिना होत्या. शाल्मलीबाई पुढे आल्या, शिट्टी ओठास लाविली, आणि तो डाव्या बुटाची नाडी सुटलेली मातुश्रींस दिसली. पांढरी नाडी मातीत लोळत होती. पहिल्याच उडीला पोर पडेल या धास्तीने मातुश्री अर्ध्या उठल्या, तोंडही उघडले. आणि मग त्यांनी दोन्ही हातांनी आपली पर्स घट्ट धरिली आणि पुन्हा खाली बसल्या. हे त्यांस किती जड गेले ते त्यांचे त्यांसच ठाऊक. मैदानात शाल्मलीबाईंनी शिट्टी ओठांतून सोडली, खाली पाहिले, आणि सर्व गावासमक्ष गुडघा टेकून नाडी बांधिली. घाई केली नाही, गाठ दोनदा ओढून पाहिली. मागे भार्गवी व सर्व पलटण लेझीम छातीशी धरून वाट पाहत राहिली. मग त्या उठल्या आणि शिट्टी वाजविली, आणि एका दमात साऱ्या लेझीम उघडल्या. पुढे काय जाहले ते काय सांगावे, पावलास पाऊल मिळाले, धूळ उठली, मुख्याध्यापकही पायाने ताल धरू लागले, आणि मातुश्री टाळ्या वाजविण्याऐवजी रुमाल काढून रडल्या, म्हणजे तो रुमालही वाया गेला नाही.

दुपारी जिलेबी खाऊन राज्यात दरबार भरला. शाल्मलीबाईंनी सांगितले की वस्तूंचा बंदोबस्त आता बरा आहे, परंतु मोठी माणसे जागेवर राहत नाहीत, तरी त्यांसही पहारा पाहिजे. मग बुटांच्या फळीवर वरच्या बाजूस तीन नवे शाडूचे असामी उभे राहिले, एक बाबांचा, एक आबांचा आणि एक आईचा. कायदा तोच, घराबाहेर जाताना आपापला आडवा करावा, आल्यावर उभा करावा. निरंजनरावांचा मोबाईल त्यांच्या असामीच्या पायाशी ठेवावा ऐसे ठरले, आणि त्यात सध्या निम्मे यश आहे. पुढे एके दिवशी मातुश्रींस बँकेत उशीर जाहला. बाहेर अंधार पडला, शाल्मलीबाई अभ्यासास बसल्या होत्या, परंतु मधूनमधून फळीकडे पाहत होत्या, कारण आईचा पहारेकरी अजून आडवा होता.  मग जिन्यावर पावले वाजली, किल्ली फिरली, आणि मातुश्री दमून आत आल्या. पर्स खांद्यावर तशीच, चपला पायात तशाच, आणि वाकून त्यांनी आधी तो मातीचा असामी उभा केला. आतून शाल्मलीबाईंनी वहीतून मान वर न करिता विचारिले, “आई, उभा केलास?” मातुश्री म्हणाल्या, “केला गं.” तेव्हा शाल्मलीबाईंनी पुढील गणित घेतले.

येणेप्रमाणे हकीकत. लेझीम खिळ्यावर आहे, बाटली ओट्यावर आहे, वाघास दुसरा कान अद्याप बसविलेला नाही, आणि सकाळी पोळी करपत नाही. मुलास वस्तू आणून देण्यापेक्षा त्यासच वस्तूंची जागा ठरवू द्यावी, आणि मग आपला हात आपल्या पर्सवर घट्ट ठेवावा, इतके या राज्याच्या अनुभवावरून कळते. लिहिणाराने ही बखर येथे पुरी केली, पेनास टोपण लाविले, आणि ते जेथे असते तेथे ठेविले.